गरोदरपणातील रक्तदाब : दवाखान्यात आणि घरी

निवासी शाळेकडे दरवर्षी येणाऱ्या प्रवेश अर्जांत काही अर्ज असे असतात की, त्यांवर आईच्या नावाआधी 'कालकथित' हा शब्द लिहिलेला असतो. मृत्यूचे कारण विचारणारा रकाना अर्जात नाही, आणि नाही हे योग्यच. परंतु मुलाला सोडावयास आलेली आजी किंवा मावशी बोलण्याच्या ओघात सांगून जाते : धाकट्याच्या बाळंतपणात गेली, अंगावर सूज होती, डोके फार दुखत होते, मग झटके आले आणि शुद्ध परत आलीच नाही. सूज, डोकेदुखी आणि झटके हे तीन शब्द एका वाक्यात आले की, जाणकाराला त्या आजाराचे नाव वेगळे सांगावे लागत नाही. त्याला एक्लॅम्पसिया म्हणतात. हे झटके येण्याआधी बहुतेक स्त्रियांचा रक्तदाब काही दिवस, कधी काही आठवडे वाढलेला असतो. दंडाला पट्टा बांधून पाच-दहा मिनिटांत तो मोजता येतो. स्मरणिकेत आठवणी आणि सत्कारांच्या जोडीला या विषयावर चार पाने खर्ची घालण्याचे आमचे कारण एवढेच आहे.

दुसरेही एक कारण आहे. ज्या मुली आमच्या वसतिगृहात राहून शिकल्या, त्या आता सिद्धार्थ कॉलनी, घाटला, लाल डोंगर, वाशी नाका, माहूल अशा ठिकाणी संसार करीत आहेत. त्यांतील कित्येकींच्या घरी आज बीपीचे डिजिटल यंत्र आहे. बहुधा सासऱ्यांसाठी आणलेले. घरात यंत्र आहे, घरात गरोदर सून आहे. पण यंत्राचा तिच्यासाठी उपयोग कसा करावा, आलेल्या आकड्याचा अर्थ काय लावावा आणि पुढे काय करावे, हे कोणी नीट सांगितलेले नाही.

रक्तदाबाचे दोन आकडे असतात. हृदय आकुंचन पावते तेव्हा रक्तवाहिन्यांवर पडणारा दाब हा वरचा आकडा. हृदय सैल पडते तेव्हा उरणारा दाब हा खालचा. दोन्ही पाऱ्याच्या स्तंभाच्या मिलिमीटरमध्ये मोजले जातात. गरोदरपणात हा दाब स्थिर राहत नाही, ही गोष्ट सुशिक्षित घरांतही फारशी ठाऊक नसते. पहिल्या महिन्यांत रक्तवाहिन्या सैलावतात, त्यामुळे दाब हळूहळू उतरतो, मधल्या तिमाहीत तो सर्वांत कमी असतो आणि शेवटच्या तिमाहीत पुन्हा चढून पूर्वपदावर येतो. म्हणूनच पहिल्या तीन महिन्यांतील मोजणी मोलाची ठरते. पाचव्या महिन्यात ११०/७० हा आकडा पाहून समाधान मानले, पण त्या स्त्रीचा मूळचा दाब किती होता याची नोंदच नाही, तर पुढे तो वाढला म्हणजे नेमका किती वाढला हे कळण्यास मार्ग राहत नाही. पुष्कळ भगिनी चौथा-पाचवा महिना लागल्यावरच दवाखान्यात नाव घालतात. दिवस गेल्याचे कळताच नाव घालावे, असे आरोग्यसेविका सांगतात त्यामागे हेही एक कारण आहे.

दवाखान्यात १४०/९० किंवा त्याहून अधिक दाब, किमान चार तासांच्या अंतराने दोन वेळा आढळला, तर त्यास गरोदरपणातील उच्च रक्तदाब म्हणतात. दोन्ही आकडे वाढलेले असण्याची गरज नाही. वरचा किंवा खालचा, कोणताही एक पुरे. विसाव्या आठवड्याआधीच तो वाढलेला असेल तर आजार बहुधा आधीपासूनचा असतो; विसाव्या आठवड्यानंतर प्रथमच वाढला तर तो गर्भारपणामुळे आलेला. त्यासोबत लघवीतून प्रथिने जाऊ लागली, किंवा यकृत, मूत्रपिंड, रक्तातील बिंबिका, मेंदू यांवर परिणाम दिसू लागला, तर त्यास प्रीएक्लॅम्पसिया म्हणतात. शंभर गरोदर स्त्रियांपैकी दोन ते आठ जणींना तो होतो. आणि दाब १६०/११० वर गेला, तर चार तास थांबावयाचे नसते. पंधरा मिनिटांत पुन्हा मोजून उपचार सुरू करावयाचा असतो, कारण त्या दाबाला मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका असतो.

या आजाराचे मूळ गर्भाशयात, वारेच्या रुजण्यात असते. वारेला रक्त पुरविणाऱ्या बारीक धमन्या गरोदरपणाच्या पूर्वार्धात रुंद व्हावयास हव्यात. त्या पुरेशा रुंदावल्या नाहीत तर वार उपाशी राहते, आणि तिच्यातून आईच्या रक्तात असे घटक उतरतात की, जे साऱ्या शरीरातील रक्तवाहिन्यांचे अस्तर बिघडवितात. म्हणजे दंडावर मोजलेला दाब हा एका खोल बिघाडाचा बाहेर दिसणारा इशारा असतो. सुनेने 'टेन्शन' घेतले म्हणून बीपी वाढले, असे घरोघर म्हटले जाते. त्या बिचारीच्या स्वभावावर हा दोष ठेवणे अन्यायाचे आहे, आणि त्यात वेळही जातो.

मोजण्याची विद्या तशी फार जुनी नाही. दंडाला फुगणारा पट्टा बांधून पाऱ्याच्या स्तंभावर दाब वाचण्याचे साधन इटलीतील रिवा-रोच्ची यांनी १८९६ साली प्रसिद्ध केले. त्यात फक्त वरचा आकडा मिळे. १९०५ मध्ये रशियातील कोरोत्कोव्ह या शल्यचिकित्सकाने कोपराच्या खोबणीत स्टेथोस्कोप ठेवून ऐकू येणाऱ्या आवाजांचे वर्णन केले, तेव्हापासून दोन्ही आकडे मिळू लागले. आज पारा विषारी म्हणून पाऱ्याची यंत्रे मागे पडत आहेत. त्यांच्या जागी घड्याळासारखी तबकडी असलेली किंवा डिजिटल यंत्रे आली आहेत. तबकडीची यंत्रे आपटली, जुनी झाली की चुकीचे सांगू लागतात आणि त्यांची वेळोवेळी पडताळणी करावी लागते. डिजिटल यंत्र आवाज ऐकत नाही; पट्ट्यातील हवेला नाडीमुळे बसणारे हेलकावे टिपून ते हिशेबाने आकडा काढते. प्रीएक्लॅम्पसियात रक्तवाहिन्यांचा ताठरपणा बदलतो आणि इतर माणसांसाठी बनविलेला हा हिशेब चुकू शकतो. काही यंत्रे अशा स्त्रीचा दाब खऱ्यापेक्षा कमी दाखवितात, आणि धोका याच दिशेचा आहे. म्हणून गरोदर स्त्रियांवर पडताळलेले यंत्र घ्यावे, असा तज्ज्ञांचा आग्रह असतो. अशा यंत्रांची यादी 'स्ट्राइड बीपी' ही आंतरराष्ट्रीय संस्था विनामूल्य उपलब्ध करून देते. खरेदी करण्यापूर्वी डॉक्टरांकडून किंवा जाणत्या मुलाकडून ती पाहून घ्यावी. मनगटावर बांधावयाचे यंत्र मात्र स्वस्त मिळाले तरी या कामासाठी घेऊ नये.

आता दवाखान्यातील मोजणीकडे वळू. आपल्या भागातील स्त्रिया महानगरपालिकेच्या चेंबूरच्या माँ रुग्णालयात, देवनारच्या प्रसूतिगृहात, गोवंडीच्या शताब्दी रुग्णालयात, घाटकोपरच्या राजावाडीत नाव घालतात. गुंतागुंत वाढली की शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात पाठवणी होते. या ठिकाणी काम करणाऱ्या परिचारिकांवर केवढा भार असतो, हे ज्यांनी ती रांग पाहिली आहे त्यांना सांगावयास नको. पण त्या रांगेचाच परिणाम आकड्यावर होतो. पहाटे उठून, घरचा डबा करून, बसने किंवा शेअर रिक्षाने येऊन, जिने चढून, तासभर उभी राहिलेली स्त्री खुर्चीवर टेकते न टेकते तोच पट्टा बांधला, तर तिचा दाब चढलेलाच दिसणार. याच्या उलट, भराभर तपासणी उरकताना आकडे शून्यावर आणून लिहिण्याची सवय जगभर सर्वत्र आढळते. ज्या कार्डावर सहा भेटींत सहाही वेळा ११०/७० लिहिले आहे, ते कार्ड आमच्या मते संशयास पात्र आहे. कोणत्याही माणसाचा रक्तदाब इतका आज्ञाधारक नसतो.

मग स्त्रीने काय करावे? भांडण तर नकोच. आपली पाळी येण्याआधी पाच मिनिटे बाकावर पाठ टेकून बसावे. घट्ट बाहीचा पोशाख घालून जाऊ नये. वर सारलेली घट्ट बाही दंड आवळते. पट्टा बांधला असताना बोलू नये. आणि आकडा कार्डावर लिहिला जाताना तो किती आला, हे विनयाने विचारून घ्यावे. 'ठीक आहे' हे उत्तर पुरेसे नाही. आपल्या शाळेत शिकलेल्या मुलीला दोन आकडे वाचता येतात, लक्षात ठेवता येतात. ते विचारण्याचा तिला हक्क आहे. दाब जास्त आला तर 'थोडे बसा, परत बघू' असे सांगितले जाते. तेव्हा घाई करून घरी निघून जाऊ नये. ती दुसरी मोजणीच खरी महत्त्वाची असते. लघवीची तपासणीही त्याच दिवशी करून घ्यावी. प्रत्येक महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली सरकारी केंद्रांत गरोदर स्त्रियांची विनामूल्य तपासणी होते. हे अभियान २०१६ पासून सुरू आहे, आणि जोखमीच्या मातेच्या कार्डावर लाल खूण लावण्याची त्यात सोय आहे. कार्डावर लाल चिकटपट्टी लागली म्हणजे काही अशुभ झाले, असे मानून ती काढून टाकणारी माणसेही असतात. ती खूण पुढच्या डॉक्टरसाठी आहे.

घरी मोजणी करण्याचा मोठा लाभ असा की, घाई नसते, परका माणूस नसतो, रांग नसते. काही स्त्रियांचा दाब दवाखान्याच्या भीतीनेच वाढतो आणि घरी तो प्राकृत असतो; घरच्या नोंदीमुळे अशा स्त्रीला विनाकारण औषध मिळण्याचे टळते. काहींचे याच्या अगदी उलट असते. शिवाय दोन भेटींमध्ये दोन-चार आठवडे जातात, आणि प्रीएक्लॅम्पसिया तेवढी वाट पाहत नाही. ज्यांना जोखीम अधिक, त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने घरी मोजावे : पहिलटकरीण, पूर्वीच्या खेपेस बीपी वाढलेली, जुळी असलेली, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेली, वजन फार असलेली, वयाने फार लहान किंवा पस्तिशीपुढची, आई-बहिणीला हा त्रास झालेली. ही जोखीम गुणांनी मोजण्याची 'एचडीपी गेस्टोसिस स्कोअर' नावाची पद्धत स्त्रीरोगतज्ज्ञांच्या फॉग्सी या राष्ट्रीय संघटनेने पुढे आणली आहे, आणि ती तयार करण्यात सांगली जिल्ह्यातील इस्लामपूरच्या डॉ. गोरख मंद्रूपकर यांचा मोठा वाटा आहे. बेरीज तीन किंवा अधिक झाली की त्या स्त्रीकडे विशेष लक्ष द्यावयाचे. अशा काही स्त्रियांना डॉक्टर कमी मात्रेची ॲस्पिरिन सुरू करतात, आणि तिचा उपयोग सोळाव्या आठवड्याआधी सुरू केली तरच चांगला होतो. हे लवकर नाव घालण्याचे आणखी एक कारण.

घरची मोजणी कशी करावी, हे थोडे सविस्तर सांगतो, कारण चुका येथेच होतात. मोजण्याआधी अर्धा तास चहा, कॉफी नको; मशेरी लावण्याची सवय असेल तर तीही नको. मशेरीतील तंबाखूने दाब चढतो, आणि ती गर्भालाही घातक असते, म्हणून खरे तर ती कायमचीच सोडावी. लघवी करून यावे. मग खुर्चीवर पाठ टेकून, पावले जमिनीला टेकवून, पाय एकमेकांवर न ठेवता पाच मिनिटे स्वस्थ बसावे. दहा बाय बाराच्या खोलीत खुर्ची नसते, हे आम्ही जाणतो. दिवाणाच्या किंवा पलंगाच्या कडेला बसून पाठीमागे भिंतीला उशा लावल्या तरी चालते. मांडी घालून बसू नये. पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या घडीपासून दोन-तीन सेंटिमीटर वर बांधावा. हात लोंबकळू देऊ नये. शेजारी स्टुलावर किंवा धान्याच्या डब्यावर उशी ठेवून त्यावर तो विसावू द्यावा, म्हणजे दंड हृदयाच्या पातळीला येतो. ही पातळी दिसते तितकी किरकोळ बाब नाही. दंड हृदयापेक्षा दहा सेंटिमीटर खाली असेल तर आकडा सात-आठने जास्त येतो, वर असेल तर तितकाच कमी. डाव्या कुशीवर निजलेल्या स्त्रीच्या वरच्या, म्हणजे उजव्या हातावर मोजले तर दाब खोटाच कमी दिसतो, आणि घरचे निर्धास्त होतात. शेवटच्या महिन्यांत उताणे झोपवूनही मोजू नये. गर्भाशयाच्या भाराने मोठी शीर दबते आणि चक्कर येते.

पट्ट्याच्या मापाकडे तर कोणीच पाहत नाही. यंत्राबरोबर येणारा मध्यम पट्टा साधारणपणे २२ ते ३२ सेंटिमीटर घेराच्या दंडासाठी असतो. ज्या स्त्रीचा दंड याहून जाड आहे तिला तो बांधला तर आकडा खऱ्यापेक्षा जास्त येतो. फार बारीक दंडाला मोठा पट्टा बांधला तर कमी. शिवणकामाच्या टेपने दंडाचा मधला घेर एकदा मोजून घ्यावा आणि पट्ट्यावर छापलेल्या मापाशी ताडून पाहावा. मोठा पट्टा वेगळा विकत मिळतो. पहिल्या दिवशी दोन्ही दंडांवर मोजावे आणि ज्या दंडावर अधिक येईल तोच पुढे नेहमी वापरावा. एका बैठकीत एकेका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावे व दोन्ही आकडे, तारीख आणि वेळ वहीत लिहावी. जोखीम असलेल्या स्त्रीला आठवड्यातून तीन दिवस पुरते. दाब आधीच वाढलेला असेल तर डॉक्टर रोज मोजावयास सांगतात. तासातासाला मोजत बसू नये. त्याने जीव घाबरा होतो आणि दाब खरोखरच चढतो.

घरच्या आकड्याची मर्यादा दवाखान्याहून थोडी खाली धरतात : १३५/८५. एवढा किंवा अधिक दाब आला तर पुन्हा मोजावा, आणि तसाच राहिला तर त्याच दिवशी डॉक्टरांना किंवा आरोग्यसेविकेला कळवावे. १४०/९० वर राहिला तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. १६०/११० आला तर पाच मिनिटांनी पुन्हा मोजून, उतरला नसल्यास तडक रुग्णालयात जावे. रात्रीचे बारा वाजले असले तरी. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका याच कामासाठी आहे. घरी दाब चांगला येतो म्हणून दवाखान्याची भेट मात्र चुकवू नये. लघवीतील प्रथिने, रक्तातील हिमोग्लोबिन, बाळाची वाढ हे घरच्या यंत्राला दिसत नाही.

नुसते यंत्र हाती आले की माता वाचतात, असा समज करून घेऊ नये. याचा धडा आपल्या सीमेवरच मिळाला आहे. मराठी माणसांची मोठी वस्ती असलेल्या बेळगाव जिल्ह्यात, आणि शेजारच्या बागलकोट जिल्ह्यात, २०१४ ते २०१६ या काळात 'क्लिप' नावाचा प्रयोग झाला. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टर त्यात होते. आशा सेविका आणि परिचारिकांनी घरोघर जाऊन गरोदर स्त्रियांचा रक्तदाब मोजला, मोबाइलवरील साधनाने धोका जोखला आणि गरज तेथे रुग्णालयात पाठविले. पाकिस्तान आणि मोझांबिक येथेही हेच झाले. एकंदर हिशेबात मृत्यू आणि गुंतागुंत यांत फरक दिसला नाही. मात्र ज्या स्त्रियांच्या आठ किंवा अधिक भेटी झाल्या, त्यांच्या बाळांच्या बाबतीत परिणाम बरे दिसले. याच बेळगाव जिल्ह्यातील गोकाक येथे, आणि इतर सात देशांत, लंडनच्या किंग्ज कॉलेजातील डॉ. अँड्र्यू शेनन यांच्या पथकाने 'क्रेडल' हे यंत्र वापरून पाहिले. त्याच्यावर रस्त्यावरच्या सिग्नलसारखे हिरवे, पिवळे, लाल दिवे आहेत. मोबाइलच्या चार्जरवर ते चालते. ज्या सेविकेला आकड्यांचा अर्थ लावता येत नाही तिलाही दिव्याचा रंग कळतो. हे यंत्र रक्तदाबाबरोबर नाडीचाही विचार करते, म्हणून अतिरक्तस्रावाचा धोकाही त्यात दिसतो. तेथेही यंत्रामुळेच मृत्यू घटले, असे शास्त्रीय कसोटीवर सिद्ध झाले नाही.

इंग्लंडमध्ये जोखमीच्या गरोदर स्त्रियांना घरी यंत्रे देऊन मोठी पाहणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. घरी मोजणाऱ्या स्त्रियांचा उच्च रक्तदाब दवाखान्यात लवकर नोंदला गेला नाही, असेच तिच्यातही दिसले. या साऱ्याचा अर्थ यंत्र निरुपयोगी आहे असा आम्ही घेत नाही. मोजणे आणि उपचार यांच्यामध्ये एक लांब वाट आहे. आकडा कोणाला सांगावयाचा, रात्री वाहन कोठून आणावयाचे, जवळच्या रुग्णालयात औषध आहे की नाही, यांवर ती वाट अवलंबून असते. लाल दिवा लागला, पण घरातील कर्ती माणसे 'सकाळी बघू' म्हणाली, तर दिव्याचा काय उपयोग? मुंबईत निदान रुग्णालय हाकेच्या अंतरावर आहे. त्यामुळे येथे घरच्या मोजणीचे सार्थक होण्याची शक्यता अधिक, असे आमचे मत आहे.

मात्र मुंबईचा हा लाभ नेमक्या गरजेच्या वेळी आपण आपल्या हाताने सोडून देतो. सातव्या महिन्यात डोहाळजेवण होते आणि मुलगी माहेरी जाते. माहेर कोणाचे जालन्याकडे, कोणाचे वाशिमकडे, कोणाचे चिपळूणच्या डोंगरात. दाब चढण्याचा काळ हाच, आणि याच काळात तिचा दवाखाना बदलतो, डॉक्टर बदलतो, मोजण्यात दोन-दोन आठवड्यांचा खंड पडतो. आईच्या हातच्या जेवणाचा आणि विश्रांतीचा लाभ आम्ही कमी लेखत नाही. पहिल्या बाळंतपणाला माहेर हवेच. फक्त जाताना पिशवीत साडीबरोबर माता व बालसंरक्षण कार्ड, सर्व तपासण्यांचे कागद, रक्तदाबाची वही आणि घरचे यंत्र हेही जावे. सासऱ्यांनी दोन महिने यंत्र वापरावयास दिले तर काही बिघडत नाही. ते विहाराजवळच्या दवाखान्यात मोजून येऊ शकतात. माहेरी पोहोचल्यावर पहिल्या आठवड्यातच तेथील आरोग्य केंद्रात नाव नोंदवावे, आणि रात्री-अपरात्री सिझेरियन होऊ शकेल असे रुग्णालय कोठे आहे व तेथे पोहोचावयास किती वेळ लागतो, याची जावयाने स्वतः चौकशी करून ठेवावी. ज्या स्त्रीचा दाब आधीच वाढला आहे, तिने दूरच्या प्रवासापूर्वी डॉक्टरांना विचारलेच पाहिजे. तिच्यासाठी आईनेच चेंबूरला येऊन राहणे अधिक शहाणपणाचे.

काही लक्षणे अशी आहेत की, यंत्र काहीही सांगो, रुग्णालयात गेलेच पाहिजे : न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा काजवे, छातीच्या पिंजऱ्याखाली उजवीकडे किंवा मध्यभागी कळ, उलट्या, चेहरा व हात एकाएकी सुजणे, लघवी कमी होणे, धाप लागणे, बाळाची हालचाल मंदावणे. बरगडीखालची कळ 'पित्त' म्हणून अंगावर काढली जाते आणि सोडा-लिंबू पाजले जाते. खरे तर ती यकृताची हाक असू शकते. नुसते पाय सुजणे मात्र पुष्कळ गरोदर स्त्रियांत असते, त्याने घाबरून जाऊ नये. मीठ अगदी तोडणे, दिवसभर निजवून ठेवणे यांनी हा आजार टळत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेचे स्पष्ट मत आहे. दूध-नाचणी कमी खाणाऱ्या आपल्या स्त्रियांना कॅल्शियमच्या गोळ्या मात्र उपयोगी पडतात. दवाखान्यातून त्या फुकट मिळतात आणि बहुतेक घरांत कपाटात पडून राहतात.

आणखी एक सूचना अत्यंत गांभीर्याने द्यावयाची आहे. सासूला बीपीची गोळी चालू आहे, सुनेचे बीपी वाढले, म्हणून त्यातलीच अर्धी गोळी तिला देऊ नये. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल यांसारखी औषधे गर्भाच्या मूत्रपिंडांना इजा करतात. गरोदरपणात लॅबेटालॉल, निफेडिपिन, मिथिलडोपा अशी वेगळी औषधे वापरतात, आणि ती डॉक्टरांनीच ठरवावयाची असतात. ज्या स्त्रीला आधीपासूनच बीपीची गोळी चालू आहे, तिने दिवस गेल्याचे कळताच, शक्य तर त्याआधीच, ती बदलून घ्यावी.

झटके आलेच तर तिला डाव्या कुशीवर वळवावे, तोंडात चमचा किंवा बोट घालू नये, कांदा किंवा चप्पल हुंगवू नये, आणि विलंब न करता रुग्णालयात न्यावे. तेथे मॅग्नेशियम सल्फेटचे इंजेक्शन देतात. भारतासह अनेक देशांत झालेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'मॅगपाय' चाचणीत या स्वस्त औषधाने झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी होतो, हे सिद्ध झाले. बाहेरची बाधा म्हणून मांत्रिकाकडे धाव घेणारी घरे आपल्या समाजात आता विरळा असतील, असे म्हणावयास आम्हाला आवडेल. पण खेड्यातील नातेवाइकांचा दबाव अशा वेळी फार असतो, हे विसरून चालणार नाही. बौद्ध परंपरेत प्रसववेदनांनी अडलेल्या स्त्रीसाठी अंगुलिमालाने केलेल्या सत्यवचनाची कथा आहे आणि श्रीलंकेत गरोदर स्त्रीसाठी अंगुलिमाल परित्राचे पठण आजही होते. परित्रपाठाने मनाला धीर येतो, तो अवश्य करावा, पट्टाही बांधावा. धम्मवंदनेत आपण रोज उच्चारतो त्या 'एहिपस्सिको' शब्दात स्वतः येऊन पाहण्याचे आमंत्रण आहे, आणि पाहावयाचे ते येथे पडद्यावरचे दोन आकडे आहेत.

कामावर जाणाऱ्या स्त्रियांचा विचार वेगळा करावा लागतो. १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भाषण केले आणि १९२९ मध्ये तो कायदा मुंबई प्रांतात आला. प्रसूतीपूर्वीच्या काळात स्त्रीला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, हा विचार त्यामागे होता. आज कार्यालयांतील स्त्रीला सव्वीस आठवडे रजा मिळते. पण चेंबूरच्या सोसायट्यांत धुणीभांडी करणाऱ्या भगिनीला तपासणीसाठी अर्धा दिवस खाडा केला तरी पगार कापला जातो. तिच्या घरी यंत्र नसते. अशा भगिनींसाठी वस्तीतील बुद्धविहारात एक पडताळलेले यंत्र, मध्यम आणि मोठा असे दोन पट्टे आणि एक वही ठेवता येईल. रविवारच्या वंदनेनंतर एखादी प्रशिक्षित माजी विद्यार्थिनी तासभर बसली तरी पुरे. वर्गणीतून इतर अनेक खर्च होतात, त्यांच्या तुलनेत हा खर्च फार थोडा आहे.

बाळंतपण झाले की यंत्र कपाटात जाते, आणि हे फार घाईचे होते. सिद्धार्थाच्या जन्मानंतर सातव्या दिवशी महामाया गेली, असे परंपरा सांगते. तिच्या मृत्यूचे कारण कोणी सांगू शकत नाही; पण बाळंतिणीचा पहिला आठवडा किती नाजूक असतो, हे त्या काळीही लोकांनी पाहिले होते. प्रसूतीनंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवसात दाब पुन्हा चढतो, आणि नेमक्या याच वेळी तिला रुग्णालयातून घरी सोडलेले असते. झटके प्रसूतीनंतरही येतात, बहुधा पहिल्या अठ्ठेचाळीस तासांत, पण कधी त्यानंतरही. म्हणून ज्यांचा दाब गरोदरपणात वाढला होता, त्यांनी पहिला आठवडा रोज आणि पुढे सहा आठवड्यांपर्यंत डॉक्टर सांगतील तसे मोजावे, आणि गोळी आपल्या मनाने बंद करू नये. बाळंतिणीचे डोके दुखले तर कानात कापूस घालून, शेक देऊन निजविण्याआधी पट्टा बांधून पाहावा. सहा आठवड्यांनंतरही दाब उतरला नाही तर तो कायमचा आजार समजून पुढील तपासण्या कराव्या लागतात. उतरला तरी प्रीएक्लॅम्पसिया होऊन गेलेल्या स्त्रीला पुढे हृदयविकाराचा धोका इतर स्त्रियांच्या सुमारे दुप्पट असतो. तिने वर्षातून एकदा तरी रक्तदाब मोजावा, पुढच्या खेपेला पहिल्याच भेटीत ही गोष्ट डॉक्टरांना सांगावी, आणि ते जुने कार्ड मुलाच्या जन्मदाखल्याबरोबर जपून ठेवावे.